अण्णांच्या मनात काय आहे

लातूरला अकरावीच्या प्रवेशाचा फॉर्म भरताना 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यापाशी मी अडले. 'मयत' लिहावं तर धडधडीत खोटं, 'कापड दुकान' लिहावं तर नऊ वर्षांपूर्वीचं, आणि खरं लिहावं तर खिडकीतला कारकून पेन खाली ठेवणार. मी खरंच लिहिलं, हट्टाने. 'दिगंबर मुनी.' कारकुनाने ते दोनदा वाचलं. "म्हणजे काय करतात?" "चालतात," मी म्हणाले. "कुठं?" "गावोगाव." "अन् कपडे?" "न्हाई घालत." "मग घर कशावर चालतं तुमचं?" "कापडाच्या दुकानावर." त्याने शेजारच्या टेबलावरच्या माणसाला हाक मारली आणि म्हणाला, "अरे, हे बघ, इकडं ये." मी दुपट्टा डोक्यावरून ओढून घेतला आणि तो माणूस येईपर्यंत त्या खिडकीशी ताठ उभी राहिले. माझा स्वभाव तेव्हापासूनच असा आहे. आज विष्णुपुरीच्या बाजूला पोरांना गणित शिकवून शिकवून घसा बसला, तरी कुणी वडिलांवरून हसलं की माझी मान आपोआप ताठ होते. मी स्वतः मात्र त्यांच्यावर पुष्कळ हसले आहे. तो माझा हक्क आहे.

आमचं घर निलंग्याला, जैन गल्लीच्या अगदी शेवटाला. पुढे दुकान, मागे दोन खोल्या, आणि दुकानाच्या ओट्यावर रशीदमामूंचं शिलाई मशीन. आमच्याकडे कापड घ्यायचं, ओट्यावर माप द्यायचं आणि आठवड्याने घालूनच जायचं, अशी गिऱ्हाइकांची सोय होती. सकाळी जाग यायची ती मंदिरातल्या घंटेने आणि मशीनच्या खडखडीने, दोन्ही एकदमच सुरू व्हायचं. अण्णा घरात होते तेव्हाचं मला थोडंच आठवतं, पण जे आठवतं ते त्यांचं गप्प बसणं. गिऱ्हाइकाशी गोड बोलायचे, घरात मात्र तोंड शिवलेलं. पाटावर बसले की ताटाकडे एकदा बघायचे आणि जेवायला लागायचे. वरणात मीठ नसलं तरी गप्प, दोनदा पडलं तरी गप्प. आईने ओळखायचं. ते भरभर जेवले तर आवडलं, सावकाश जेवले तर बिघडलं, आणि मध्येच पाणी प्यायले तर काय, हे तिला कधीच ठरवता आलं नाही. ती दाराआड उभी राहून त्यांच्या घासांचा वेग बघायची. मला वाटायचं, सगळ्यांच्याच आया अशा उभ्या राहतात.

मग मी सात वर्षांची असताना त्यांनी दीक्षा घेतली. तेही कुणाला आधी बोलले नव्हते. एका महाराजांच्या चातुर्मासात रोज प्रवचनाला जात होते, आणि एक दिवस घरी येऊन म्हणाले, "मी ठरवलंय." आईला वाटलं, दुकानात रेडिमेड ठेवायचं ठरवलंय. दीक्षेच्या मांडवात हजारभर माणसं होती. रिवाजाप्रमाणे बायकोची संमती विचारतात. माईक आईपुढे आणला. ती म्हणाली, "हाय." माईक शिट्टी मारू लागला, कुणाला काही ऐकू आलं नाही. माईकवाल्याने वायर हलवली. परत विचारलं, परत शिट्टी. तिसऱ्यांदा ती जवळजवळ ओरडलीच, "हाय म्हणलं ना, संमती!" आणि सगळ्या मांडवाने जयजयकार केला. मीसुद्धा टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, आईला बक्षीस मिळालं.

दहा वर्षं ते चालत राहिले. कर्नाटकात, विदर्भात, कुठे कुठे. मग माझ्या अकरावीच्या सुट्टीत, वैशाखात, बातमी आली की महाराज संघ सोडून एकटेच लातूरच्या दिशेने निघालेत आणि वाटेत आपल्या गावी चार-आठ दिवस थांबणार. गावात साठ-सत्तर जैन घरं, सगळ्यांच्या अंगात आलं. बँड ठरला, गल्लीत पताका लागल्या, 'निलंग्याचे सुपुत्र' असा फलक मंदिरावर चढला. माझी मोठी आत्या, म्हणजे अण्णांची थोरली बहीण, गल्लीच्या मध्यावर राहायची. तिने मला बजावलं, "पोरी, अण्णा म्हणायचं न्हाई आता. महाराज म्हणायचं. अन् नमोस्तु म्हणायचं." आईला कुणी काही बजावलं नाही. तिने स्वागताच्या दिवशी दुकान उघडं ठेवलं. मिरवणूक ओट्यापुढून गेली तेव्हा ती आत ताग्यांच्या मागे होती. मी बाहेर उभी होते. वाळलेला, काळवंडलेला, पांढऱ्या दाढीचा एक माणूस, हातात मोरपिसांची पिंछी आणि कमंडलू, खाली जमिनीकडे बघत चालला होता. त्याच्या डाव्या गुडघ्यावरचा व्रण तेवढा मी ओळखला.

आता दिगंबर मुनींच्या आहाराची रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. ते दिवसातून एकदा, उभ्याने, ओंजळीत घेऊन जेवतात. पाणीही तेव्हाच, एरवी थेंब नाही. आणि सकाळी आहाराला निघताना मनाशी एक अट धरतात. अमुक दिसलं तरच थांबेन. तिला विधी म्हणतात. अट कुणाला सांगत नाहीत. घराघरांत शुद्धीचा स्वयंपाक, म्हणजे चौका, तयार असतो. माणसं धूतवस्त्रं नेसून दारात कलश, नारळ, फळं घेऊन उभी राहतात आणि हाका मारतात. विधी जुळला त्या दाराशी महाराज थांबतात, आणि घरच्यांनी 'अत्र अत्र, तिष्ठ तिष्ठ' म्हणून बोलावलं तरच आत येतात. कुठेच जुळला नाही तर तसेच परत जातात, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत उपाशी. कुणावर राग नाही, की लोभ नाही. आता ग्रुपवर लगेच फोटो येतो, 'विधी मिळाला', खाली हात जोडलेली चाळीस चित्रं. तेव्हा गल्लीच्या तोंडाशी उभं राहून मान लांब करावी लागायची.

पहिल्या दिवशी गल्लीत अठरा चौके लागले. एकेका दारात पाच-पाच माणसं, कलश, कलशावर नारळ, नारळावर कुंकू, बाजूला आंबे, केळी, डाळिंबं, रांगोळीत अक्षता. "हे स्वामी, नमोस्तु! नमोस्तु!" असा एकच कल्लोळ. महाराज उजव्या हाताची बोटं खांद्यावर टेकवून गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले, वळले आणि परत मंदिरात गेले. विधी मिळाला नाही. पहिल्या दिवशी कुणाला फारसं वाटलं नाही. उलट "कडक साधना हाय" म्हणून अभिमानच वाटला. मग प्रश्न आला अठरा घरच्या स्वयंपाकाचा. शुद्धीचं अन्न, टाकायचं तर पाप. म्हणून आम्हीच बसलो. साजूक तुपातला शिरा, मुगाचं वरण, ताज्या दळलेल्या कणकेच्या पोळ्या, आमरस, काकडीची कोशिंबीर. मी आत्याकडे जेवले, मग मंदिर समितीच्या अध्यक्षांच्या घरी बळेच बसवलं, मग आणखी एका घरी. संध्याकाळी ओट्यावर टेकले तर उठवेना. रशीदमामूंनी चष्म्यावरून बघितलं. "भेटलं का शेठना खायला?" मी म्हणाले, न्हाई. "अन् पाणी?" "न्हाई." मामूंनी मशीन थांबवलं. "बेटा, रोज्यात बी सांजंला, मगरिबला पाणी भेटतं. ह्ये कसला रोजा हाय?"

दुसऱ्या दिवशी गावाने कंबर कसली. पहाटेपासून आत्याच्या अंगणात खल सुरू. काहींनी एक आंबा धरला, काहींनी दोन, काहींनी जोडीने उभं राहून उपरण्याला गाठ मारली. एक म्हातारा नातवाला खांद्यावर घेऊन उभा राहिला. जुळ्या बहिणी एका चौकटीत, चार वर्षं न बोलणाऱ्या जावा एका ताटाला हात लावून. महाराज गेले आणि आले. विधी नाही. आता लोकांच्या तोंडचं पाणी पळालं. बेचाळीस डिग्री ऊन, डांबर वितळून चपलेला चिकटत होतं. आत्याने मला हाताला धरून बसवलं. "तू लातूरला शिकतीस नव्हं? काढ बरं हिशोब, कायकाय धरून बघायचं राहिलं." मी वही घेतली. फळं इतकी, भांडी इतकी, साड्यांचे रंग इतके, माणसं एक ते पाच, उजवा हात, डावा हात. क्रमचय आणि संचय नुकतंच शिकवलं होतं, मला मोठी हौस. आकडा मांडता मांडता ओळ संपली. मी सांगितलं, "आत्या, रोज एक करून बघितलं तर पाचवा आरा, हे आख्खं युग, संपेपर्यंत पुरंल." आत्या म्हणाली, "मग रोज जास्ती जास्ती करा." आणि तेच चुकलं.

तेवढ्यात रशीदमामूंनी मला बाजूला घेतलं. "सांगू का? शेठना निळा रंग लई आवडायचा. धा वर्षं शर्ट शिवले म्या. माप हाय अजून माझ्याकडं, छाती अडतीस." मी धावत आत्याला सांगितलं. दुपारी आमच्या दुकानात अशी गर्दी लोटली की ताग्यावर तागे उलगडावे लागले. निळी साडी, निळं उपरणं, निळा झब्बा. अध्यक्षांनी निळी टोपी शिवायला टाकली. आई शांतपणे गज लावून कापड मोजत होती, फाडत होती, घड्या घालत होती. प्रत्येक बाई जाताना वाकून कुजबुजायची, "सुमन, तू धा वर्षं नांदलीस त्यांच्यासंगं. तुला ठावं असंल. सांग की गं." आई म्हणायची, "सव्वा पाच मीटर झालं. ब्लाउज पीस यातच काढू का?" आत्याने शेवटी आवाज चढवला, "अगं, माझा भाऊ मरंल!" आई म्हणाली, "वन्सं, तुमच्या भावाला मी संमती देऊन बसलेय. हजार माणसांपुढं दिलीय. आता मला इचारू नका." आणि तिने पुढच्या ताग्याची दोरी सोडली. तिने चौकाही लावला नव्हता. अख्ख्या गल्लीत आमचं एकच दार तसं होतं, आणि मला त्या दाराची लाज वाटत होती.

तिसऱ्या दिवशी जे झालं ते आठवलं की मला आजही हसू येतं आणि मध्येच थांबतं. अध्यक्षांना रात्रीतून सुचलं होतं की आदिनाथ भगवंतांना वर्षभर आहार मिळाला नाही, कारण लोकांना काय द्यावं हेच कळेना. कुणी हत्ती दिले, कुणी रत्नं दिली. शेवटी उसाचा रस मिळाला आणि पारणं झालं. मग आपण काय करतोय? आणि निलंग्याला उसाला काय तोटा! सकाळी आठला अध्यक्षांच्या दाराशी रसवंतीचा गाडाच येऊन उभा, घुंगरांसकट. त्यात इंजिनाने जीव मरतात म्हणून वाद पेटला. मग इंजिन काढून चरक हाताने फिरवायचं ठरलं. ऊस एकेक कांडं करून तपासला, धुतला, पुसला. अध्यक्षांचे दोन जावई, निळे झब्बे घातलेले, घामाघूम होऊन चरक फिरवत होते. गल्लीभर निळंच निळं. मी आत्याच्या दारात डोक्यावर टरबूज आणि हातात उघडं कुलूप घेऊन उभी, कारण उघडं कुलूप म्हणजे कर्माचं बंधन सुटणं, असं आत्याच्या स्वप्नात आलं होतं.

रस निघाला, आणि रसाबरोबर मुंग्या आल्या. आधी एक रांग, मग चार, मग गल्लीच्या मधोमध काळा पट्टाच सरकू लागला. उसाची चिपाडं, सांडलेला रस, वैशाखाचं ऊन, त्यांना तरी दुसरीकडे काय होतं! आणि त्याच वेळी महाराज निघाले. ते चार हात जमीन बघून पाऊल टाकणार. अध्यक्षांच्या दाराच्या अलीकडे आले, थांबले.  अध्यक्षांना वाटलं, विधी मिळाला, त्यांनी आनंदाने आरोळीच ठोकली, "अत्र अत्र! तिष्ठ तिष्ठ!" महाराजांनी पिंछी खाली केली, मुंग्यांकडे बघितलं, पाऊल ठेवायला कुठे जागा दिसेना, आणि ते तिथूनच मागे वळले. पुढची नऊ घरं तशीच उभी राहिली. वळताना त्यांचा तोल गेला. एक हात भिंतीला लागला, क्षणभरच. पण सगळ्यांनी पाहिला. गल्लीत इतकं शांत झालं की रशीदमामूंच्या मशीनची खडखड मध्येच थांबलेली कळली. मग दिवसभर गाव मुंग्या हलवत होतं. झाडू मारायचा नाही, पाणी ओतायचं नाही. मऊ कपड्याने, फुंकर घालून, साखरेची रेघ कडुनिंबापर्यंत ओढून. अध्यक्ष निळ्या टोपीत पोटावर पालथे पडून एकेक मुंगी कागदावर घेत होते आणि रडत होते. "म्याच आडवा आलो त्यांना. म्याच आडवा आलो." डॉक्टर येऊन गेले. ते म्हणाले, उद्या पाणी गेलं नाही तर मी जबाबदार नाही. महाराजांना सलाईन चालत नाही, हे त्यांना समजावून सांगायला अर्धा तास लागला.

मी दुकानात गेले ती भांडायलाच. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. आई गादीवर भिंतीला पाठ लावून बसली होती. "उद्या अण्णा पडतील," मी म्हणाले. महाराज म्हणायचं भानच राहिलं नाही. "रस्त्यात पडतील आणि मरतील, आणि तू इथं कापड मोजत बसशील. तुला काहीच वाटत न्हाई का गं?" तिने गज बाजूला सरकवला. मग बोलली, हळू, घोगऱ्या आवाजात. "तिशे, धा वर्षं या माणसाला म्या वाढलं. कधी म्हणला न्हाई, हे पाहिजे, ते नको. दाराआड उभी राहून घास मोजले त्याचे. वाटायचं, आपल्यालाच कळत न्हाई, आपणच येडे." तिने तोंडाला पदर लावला. मला वाटलं रडतेय, पण ती हसत होती, खांदे हलत होते. "अन् आता बघ. अख्खं गाव दाराआड उभं हाय. अध्यक्षसुद्दा. मंदिरातले पंडितसुद्दा. तुझी आत्या, जी मला म्हणायची, बायकोला नवऱ्याच्या मनातलं कळू नये म्हंजे काय, ती तुझ्या डोक्यावर टरबूज ठिवून उभी ऱ्हायली. कुणालाबी कळून न्हाई ऱ्हायलं!" तिचं हसणं थांबेना. मला तिचा इतका संताप आला की मी पाय आपटत निघून गेले. तिच्या हसण्यात काय होतं ते मला कळलं तेव्हा मी स्वतः कुणाच्या तरी ताटाशी उभी राहायला लागले होते.

चौथ्या दिवशी सकाळी मी आत्याच्या दारात, पुन्हा टरबुजासकट. आता हातात उसाचं कांडंही होतं. तिथून बघते तर आमच्या दुकानाच्या पायरीवर आई. धुतलेली पांढरी सुती साडी, ओले केस. तिने पहाटे चौका लावला होता, विहिरीचं पाणी गाळून आणलं होतं, मला न उठवता. हातात मात्र एक पितळेचा तांब्या, पाण्याने भरलेला, बस्स. नारळ नाही, कारण निलंग्याच्या बाजारातला शेवटचा नारळ आत्याने काल संध्याकाळीच उचलला होता. आंबा नाही, फूल नाही, निळं काही नाही. आत्या दात-ओठ खात म्हणाली, "अगं, असं भणंग कुणी उभं राहतं का? अपशकून करून ऱ्हायली." मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

महाराज निघाले. आज पावलं अगदी जवळजवळ पडत होती. अध्यक्षांचं दार मागे पडलं, मग जुळ्यांचं, मग आत्याचं. मी टरबुजाखालून बघत होते, ते माझ्यापासून दोन हातांवरून गेले, ओठांना चिरा पडलेल्या. मी मनात म्हणत होते, अण्णा, कुठंबी थांबा, कुणाच्याबी दारात थांबा, आमचं नसलं तरी चालंल. ते गल्लीच्या शेवटी पोचले. आईपुढे थांबले. वळले नाहीत, थांबले. आता तिने म्हणायला हवं होतं, अत्र अत्र, तिष्ठ तिष्ठ. इथे या, इथे थांबा. तिने तोंड उघडलं. ओठ हलले, पण शब्द फुटेना. परत हलले. मला वाटलं, दहा वर्षांचा कढ आलाय, किंवा तिचा अभिमान आडवा येतोय. ती बोलेना आणि हा माणूस हलेना, दोघं एकमेकांपुढे उभी. शेवटी आत्यानेच पूजेचं ताट शेजारणीच्या हातात कोंबलं आणि धावत सुटली. "हे स्वामी नमोस्तु नमोस्तु! अत्र अत्र! तिष्ठ तिष्ठ! मन शुद्ध, वचन शुद्ध, काया शुद्ध!" असा धावता धावता तिने सगळा पाठ म्हणून टाकला. मी टरबूज फेकणार होते, पण त्याखाली कुणी चिरडलं तर म्हणून आधी जमीन बघितली, मग हळूच ठेवलं, आणि मग धावले.

आमच्या मागच्या खोलीत ते उभे राहिले. आईने पाय धुतले. पहिली ओंजळ पाण्याची. ती तांब्यातून धार धरत होती आणि पाणी त्यांच्या बोटांतून गळत होतं, कारण दोघांचेही हात थरथरत होते. मग वरण, मग पोळीचे कुस्करे, मग दूध. ती त्यांच्या तोंडाकडे एकदाही बघत नव्हती, फक्त ओंजळीकडे बघत होती. दारात माणसांची झुंबड, निळ्या साड्यांचा ढीग. आहार झाला, त्यांनी हात धुतले, आणि अध्यक्षांना राहवलं नाही. हात जोडून, निळी टोपी काखेत धरून त्यांनी विचारलं, "महाराज, आमचं काय चुकलं? विधी काय धरला व्हता?" महाराज जरा हसले. अण्णा हसायचे तसेच, एका बाजूने. "पहिल्या दिवसापासून एकच. ज्याच्या हातात तांब्याशिवाय काही नसेल, त्याच्या दारी थांबायचं. मला वाटलं, सोपं आहे." मग म्हणाले, "तुमच्याकडं सामान फार होतं." अध्यक्ष मट्‌कन खाली बसले.

सगळे त्यांना मंदिरात पोचवायला गेले, जयजयकार करत. बँडवाल्याला कुणीतरी झोपेतून उठवून आणलं. मीही निघाले होते, पण आई दिसेना म्हणून परत वळले. मागच्या खोलीत ती माठापाशी खाली बसली होती आणि पाणी पीत होती. तांब्या तोंडाला लावून, हनुवटीवरून, गळ्यावरून, साडीवरून पाणी वाहत होतं. तो संपवला, गाळणं लावून दुसरा भरला, तो लावला. आत्या तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. "अगं हळू, हळू! अशी काय पितीस, जशी काय तीन दिवसांची..." आणि आत्याचा हात थांबला. तिने चुलीकडे बघितलं, ताटाळ्याकडे बघितलं. मी तीन दिवस दारोदार शिरा खात फिरले होते. आमच्या घरी काय शिजलं, शिजलं की नाही, हे मी विचारलंच नव्हतं. "सुमन," आत्या म्हणाली, "कवापासून?"

"त्येंच्याबरोबरच," आई म्हणाली.

"अगं बये! सांगायचं न्हाई का?"

"त्यांनी तरी कुठं कुणाला सांगितलं व्हतं?" आई म्हणाली. मग तिला मी दारात दिसले. मला हुंदका आवरेना. पायरीवर तिचा आवाज का फुटला नव्हता, ते मला आत्ता कळत होतं, आणि काल दुकानात मी तिला काय काय बोलले होते तेही. मला तिच्या पायावर पडायचं होतं. तिने रिकामा तांब्या माझ्यापुढे धरला.

"रडत काय उभी ऱ्हायलीस?" ती म्हणाली. "भर."